घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि मूल स्वमग्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आईचा सहा वर्षांचा मुलगा यंदा मराठी माध्यमाच्या शाळेत पहिलीला गेला. चौथ्या वर्षी ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं. घरात तेलुगू बोलतात, घराला लागूनच माग आहेत. मुलगा ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणतो, पण स्वतःहून काही मागत नाही. शाळेत टोल पडला की कान झाकून पळत सुटतो. मागच्या महिन्यात तो बाईंच्या हाताला चावला. मुख्याध्यापक म्हणतात, विशेष शाळेत घाला. थेरपीच्या ठिकाणी सांगितलं, घरात फक्त मराठी बोला. सासूबाई म्हणतात, मोबाईलनं झालं. दीर म्हणतात, दागिने मोडून स्टेम सेलचा इलाज करू. "मी आधी काय करू?" असं त्यांनी विचारलं आहे.

ताई,

तुम्ही इतक्या गोष्टी लिहिल्यात, त्यातल्या एकीला आत्ताच्या आत्ता उत्तर देते, कारण तिनं रोज संध्याकाळी तुमच्या घरात नुकसान होतंय. घरातली तेलुगू बंद करू नका. केली असेल तर आजपासून परत सुरू करा. सासूबाईंना सांगा, नातवाशी पूर्वीसारखंच बोला.

हा चुकीचा सल्ला मी स्वतः दिलेला आहे, म्हणून एवढं ठासून सांगते. विशेष शिक्षिका म्हणून काम सुरू केलं त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अशोक चौकाच्या पलीकडच्या एका आईला मी म्हणाले होते, मूल गोंधळतंय, एकच भाषा ठेवा. तिनं माझा शब्द पाळला. चार महिन्यांनी मी तिच्या घरी गेले. ती विड्या वळत बसली होती, मुलगा शेजारी, आणि घरात कुणीच बोलत नव्हतं. तिला मराठी यायचं ते बाजारापुरतं, दवाखान्यापुरतं. लाड करायचे, रागवायचं, झोपवताना गुणगुणायचं, हे सगळं तिला तेलुगूतच येत होतं. मी तिची भाषा काढून घेतली, तिच्या जागी मराठी काही आली नाही, आणि आधीच कमी बोलणाऱ्या पोराच्या कानावर पडणारे शब्द आणखी कमी झाले. त्या घरातली ती शांतता मी विसरलेले नाही.

दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या स्वमग्न मुलांचा बऱ्याच ठिकाणी अभ्यास झाला आहे. दुसऱ्या भाषेमुळे त्यांचं बोलणं जास्त मागे पडतं, असं त्यात दिसलेलं नाही. आपल्या गावात तर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं एकाच गल्लीत ऐकू येतं. तुमचा मुलगा याच गावात मोठा होणार आहे. त्याला अव्वाशी, म्हणजे आजीशी, बोलता आलं पाहिजे.

आता चावण्याबद्दल. तुमच्या मुलाचं मी पाहिलेलं नाही, पण दुसऱ्या एका मुलाचं अगदी दोन हातांवरून पाहिलंय ते सांगते. पहिलीचा वर्ग, मी मागच्या बाकावर बसलेले. बाई मनापासून शिकवणाऱ्या, माढ्याकडच्या, सोलापुरात बदलून येऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्यांनी मुलासमोर पाटी ठेवली. तो खिडकीकडे बघत हळूच म्हणाला, "वद्दु." बाईंनी पेन्सिल हातात दिली. तो पुन्हा म्हणाला, "वद्दु." बाईंना वाटलं, काहीतरी पुटपुटतोय. त्यांनी त्याचा हात हातात धरून 'ग' गिरवायला घेतला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा आवाज थोडा चढला होता. मग तो चावला.

वद्दु म्हणजे नको, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाईंना ते माहीत नव्हतं. तो खिडकीकडे बघून बोलत होता, म्हणून ते आपल्याला उद्देशून आहे असंही त्यांना वाटलं नाही. त्या पोरानं तीनदा नीट शब्दांत नाही म्हटलं होतं. चावा हे त्याचं चौथ्यांदा सांगणं होतं.

इतक्या वर्षांत शिकलेलं मला एका वाक्यात सांगायचं तर एवढंच आहे, ताई: चावणं, पळणं, डोकं आपटणं हे मुलाचं शेवटचं सांगणं असतं, आणि त्याच्या आधी त्यानं जे सांगितलेलं असतं ते आपल्याकडून निसटलेलं असतं. म्हणून चावणं कसं थांबवायचं, या प्रश्नानं सुरुवात करू नका. आधी काय झालं होतं, ते शोधा.

त्यासाठी शंभर पानी वही घ्या. बाईंनी एक ओळ, तुम्ही एक ओळ, रोज. किती वाजले होते, त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, आणि केल्यावर त्याला काय मिळालं किंवा कशातून सुटका झाली. "आज त्रास दिला" असं लिहिलेलं काही कामाचं नाही. "११.२०, रांगेत उभे होते, मागच्यानं ढकललं, तो ओरडला, बाईंनी वर्गात आणलं, शांत झाला" असं पाहिजे. दहा-बारा दिवसांत वही बोलायला लागते. एका मुलाचं सगळं मधल्या सुट्टीच्या आधीच व्हायचं. तो सकाळी काहीच न खाता यायचा, बाकी कारण काही नव्हतं.

आणि वागणं एकदम बदललं असेल, महिन्यापूर्वी नव्हतं ते आता सुरू झालं असेल, तर वहीच्याही आधी डॉक्टर. दात किडलाय का, कान फुटलाय का, चार-चार दिवस शी होत नाही का, झोप किती लागते. दुखतंय कुठे हे या मुलांना बोट ठेवून दाखवता येत नाही. मध्येच टक लावून थांबतो, हाक मारली तरी काही सेकंद हलत नाही, असं काही दिसलं तर तेही सांगा. स्वमग्न मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं आणि प्रत्येक फिट हातपाय झाडूनच येते असं नाही. श्रवणाची बेरा तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. चौथ्या वर्षी निदान झालंय म्हणजे बहुतेक झाली असेल.

टोलाचं तुम्ही लिहिलंय ते वाचून मी थांबले. घराला लागून माग आहेत, दिवसभर खटखट चालते, तिथे तो आरामात झोपतो, आणि शाळेच्या एका टोलानं वेडापिसा होतो, मग हा हट्ट नाही तर काय, असं सासरे म्हणतात. हाच प्रश्न मला माझ्या सुरुवातीच्या काळात पडला होता. उत्तर मला मागांनीच दिलं. असाच एक मुलगा होता, कारखान्याच्या भिंतीला टेकून झोपणारा. त्याची आई म्हणाली, लाईट गेली आणि माग थांबले की हा दचकून उठतो. त्याला चालू आवाजाचा त्रास नव्हता, तुटलेल्या आवाजाचा होता. मागाची खटखट कितीही मोठी असली तरी पुढचा ठोका कधी पडणार ते कानाला ठाऊक असतं. टोल मात्र कधी अंगावर येईल याचा नेम नसतो, आणि तो पडला की चाळीस पोरं एकदम उठतात, बाकं सरकतात, दारात गर्दी होते. या मुलांच्या कानांना, कातडीला, डोळ्यांना येणारी संवेदना कमीजास्त तीव्र असते. २०१३ साली निदानाचे निकष नव्यानं लिहिले तेव्हा ही गोष्ट त्यात रीतसर घातली गेली. त्याआधी आम्ही ती रोज बघत होतो, पण कागदावर तिला जागा नव्हती.

टोलावर उपाय साधा आहे. शिपाईमामांना विनंती करा. आठवडाभर मधल्या सुट्टीच्या टोलाआधी मुलाला जवळ बोलवायचं, लोखंडी पट्टी हात लावून बघू द्यायची, एक ठोका त्याच्या हातानं द्यायचा. जमलं नाही तर लांबून बघू दे. आणि बाईंनी दोन मिनिटं आधी टोलाचं चित्र त्याच्या बाकावर ठेवायचं. तरीही कान झाकेल. झाकू द्या. कान झाकून जागेवर बसलेलं मूल म्हणजे मूल स्वतःला सांभाळतंय. कानावर घालायचे इअरमफ मिळतात, प्रार्थनेला, ढोल-ताशाला, गॅदरिंगला ते वापरावेत. दिवसभर मात्र लावून ठेवू नयेत, शिकवलेलंही मग कानावर पडत नाही.

आता त्याची 'जशीच्या तशी' वाक्यं. याला कुणी पोपटपंची म्हटलं तर ऐकून घेऊ नका. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवरचा जो लेख लिहिला, ज्यातून हे निदान जगासमोर आलं, त्यातही अशी वाक्यं घोकणारी मुलं आहेत. ते पोकळ घोकणं नाही, त्याला मुलाच्या लेखी अर्थ असतो, हे बॅरी प्रिझंट यांच्यासारख्या वाचातज्ज्ञांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं. माझ्याकडे एक मुलगी यायची, स्टेशनजवळ राहणारी. ती मध्येच म्हणायची, "यात्रीगण कृपया ध्यान दें." घरचे हसायचे. नीट पाहिलं तर कुणीही चप्पल घालायला लागलं की ती हे म्हणायची. तिला म्हणायचं होतं, तुम्ही निघालात, मलाही न्या. आम्ही त्या जागी तिला दोनच शब्द दिले: "मी येते." चप्पल हातात घेतली की आपणच म्हणायचं, "मी येते", आणि तिला दारापर्यंत न्यायचं. शिकवायला दोन महिने लागले. स्टेशनचं वाक्य नंतरही राहिलं, ते तिला आवडायचंच.

तुमच्या मुलाच्या वाक्यांची यादी करा, आणि प्रत्येकासमोर ते कधी म्हणतो ते लिहा. अर्थ सापडेल. तसंच तो "तुला पाणी पाहिजे?" असं म्हणत असेल तर तो पाणी मागतोय. पाणी मिळायच्या आधी दरवेळी त्यानं हेच ऐकलंय, म्हणून तो हेच म्हणतो. तेव्हा तुम्ही प्रश्न विचारणं सोडा आणि त्याच्या तोंडी शोभेल तेच बोला. पेला दाखवून "नीळ्ळु" म्हणा, आणि द्या. शाळेत बाई "पाणी" म्हणतील. पेल्यातल्या त्याच पाण्याला दोन नावं असतात हे त्याला कळतं, गल्लीतल्या सगळ्या पोरांना कळतं तसंच.

बोलता येणाऱ्या मुलालासुद्धा घाबरल्यावर शब्द सापडत नाहीत. त्यासाठी चार चित्रं दोऱ्यात ओवून त्याच्या दप्तराला बांधा: नको, पाणी, शू, बाहेर. चित्रं दिली तर बोलायचं थांबेल, ही भीती जवळजवळ प्रत्येक वडील माझ्याकडे बोलून दाखवतात. तसं होत नाही. उलट बऱ्याच मुलांचं बोलणं थोडं वाढतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' नावाचं ॲप फुकट मिळतं, मराठीतही आहे, चित्रावर बोट ठेवलं की ते शब्द म्हणतं. पण सुरुवात कागदाच्या चित्रांनीच करा. फोन हातात आला की मूल त्यात दुसरंच काही शोधायला लागतं.

वर्गात काय करायचं ते बाईंना सांगताना एकदम वीस गोष्टी सांगू नका. दोनच सांगा.

पहिली, दिवस डोळ्यांना दिसू द्या. प्रार्थना, मराठी, गणित, सुट्टी, खिचडी, खेळ, घरी. सात फोटो, त्याच्याच शाळेचे, पुठ्ठ्यावर एकाखाली एक चिकटवायचे. झालं की ते चित्र उलटं करायचं. ही पद्धत माझी नव्हे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ती घडवली आणि तिथून ती जगभर गेली. सांगितलेलं हवेत विरून जातं, चित्र जागेवर राहतं, मूल पुन्हापुन्हा बघू शकतं, एवढंच तिचं मर्म आहे. घरीही तेच करा. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. एका घरात पाण्याच्या दिवशी मुलगा हमखास रडून गोंधळ घालायचा, कारण त्या दिवशी आई पहाटेच उठून हंडे-बादल्या भरायला लागायची, चहा उशिरा, आंघोळ उशिरा, सगळे धावपळीत. आम्ही कॅलेंडरवर त्या तारखेला नळाचं चित्र चिकटवलं आणि आदल्या रात्री त्याला दाखवलं. नंतर तर तो स्वतःची लहान बादली घेऊन नळाजवळ उभा राहायला लागला. पाणी कधी येणार याचा अंदाज चुकला की अजूनही चिडतो, पण मग कोण चिडत नाही.

दुसरी, कमी बोला आणि थांबा. "अरे बाळा, किती वेळ झाला, वही काढ ना, बघ सगळ्यांनी काढली" यात त्याच्यासाठी कामाचे शब्द दोनच आहेत. "वही काढ" म्हणा. मग मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक जण तीनवरच पुन्हा सांगतात, आणि वेगळ्या शब्दांत सांगतात, मग मुलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. 'पळू नको' यापेक्षा 'चाल' हे त्याला लवकर पोचतं.

याखेरीज "माझ्याकडे बघ" म्हणून हनुवटी धरू नये. पुष्कळ स्वमग्न माणसांनी मोठेपणी लिहून ठेवलंय, की डोळ्यांत बघायला लावलं की ऐकणं बंद पडतं. हात हलवतो, डुलतो, तेही मोडून काढायचं कारण नाही, कुणाला लागत नसेल तर. आणि शॅडो टीचरसाठी, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याजवळ बसणाऱ्या मदतनीसासाठी, कर्ज काढू नका. मूल आणि बाई यांच्यामध्ये सतत एक तिसरं माणूस बसलं की बाई मुलाशी बोलणं सोडून देतात, हे मी अनेक वर्गांत पाहिलंय. त्यापेक्षा बाकावर एक शांत जोडीदार द्या, आळीपाळीनं बदलणारा. पहिलीतली मुलं हे काम मोठ्यांपेक्षा छान करतात.

डब्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, की कडक भाकरी आणि शेंगा चटणीशिवाय काही खात नाही. यावर भांडण करू नका. कुरकुरीत वस्तू प्रत्येक वेळी तोंडात सारखीच लागते. भाजी रोज वेगळी लागते, मऊ, कधी दोरे येतात, त्याची त्याला धास्ती असते. भाकरीच्या ताटात कोपऱ्यात एक नवी वस्तू ठेवा, खायचा आग्रह न धरता. महिनाभर नुसती बघू दे, मग हात लावेल. वजन घटत असेल तरच डॉक्टरांकडे न्या.

विशेष शाळेचं. मी विशेष शाळांच्या विरोधात नाही, माझं निम्मं आयुष्य त्यांतच गेलंय, आणि काही मुलांना तिथले लहान वर्ग, तिथलं सावकाश चालणं खरंच मानवतं. पण ते ठरवायचं तुम्ही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा स्वमग्नतेला एकवीस दिव्यांगत्वांमध्ये धरतो, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क देतो. निवड मुलाची आणि पालकांची आहे. "आमच्याकडे सोय नाही" हे मुख्याध्यापकांचं म्हणणं अडचण म्हणून खरं असेल, चाळीस मुलांना एक बाई म्हणजे काय हे मला माहीत आहे. पण तेवढ्यावरून दाखला हातात देता येत नाही. तुम्ही भांडायला जाऊ नका, लेखी अर्ज घेऊन जा: मुलाला समावेशित शिक्षणाची मदत मिळावी, समग्र शिक्षा योजनेतल्या विशेष शिक्षकांची भेट मिळावी. तालुक्यात हे गट साधन केंद्रातून होतं, शहरात शहर साधन केंद्रातून. अर्जाच्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्या. शाळेनं अजिबातच ऐकलं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, पण तिथवर जायची वेळ क्वचित येते. माझा अनुभव असा, की बाईंना एकदा चावण्याचं कारण कळलं की मुख्याध्यापकांचा सूरही बदलतो.

दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढलं नसेल तर काढा. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर नोंद करायची, मग सिव्हिलच्या बोर्डापुढे जायचं. 'इसा' नावाची चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. मुलाला त्या दिवशी तासन्‌तास थांबावं लागेल, आवडीची वस्तू आणि खाऊ बरोबर ठेवा. त्यावर पुढे नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना मिळते, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. लेबल लागेल म्हणून काही घरं हे टाळतात. लेबल तर शेजाऱ्यांनी केव्हाच लावलेलं असतं, 'हट्टी' म्हणून. त्यापेक्षा हे बरं.

स्टेम सेलसाठी दागिने मोडू नका. हे मी हात जोडून सांगते. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ साली स्पष्ट सांगितलंय, की स्वमग्नतेवर स्टेम सेलचा वापर करण्याची शिफारस नाही, आणि तसा इलाज देणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरतं. दीर प्रेमापोटी म्हणतायत, त्यांना हे शांतपणे सांगा. जिभेवर वेखंड लावणं, जिभेखालची शीर कापणं, हे सगळं या बाबतीत व्यर्थ आहे. तुमचं मूल बोलायला अडतंय ते जिभेमुळे नाही.

आणि मोबाईल. मोबाईल कमी करा, नक्की करा. त्या तासांत त्याच्याशी कुणी बोलत नाही, खेळत नाही, हे खरं नुकसान आहे. पण ऑटिझम मोबाईलनं झाला नाही. तो जन्मापासूनच्या मेंदूच्या घडणीचा भाग आहे, त्यात अनुवंशाचा मोठा वाटा आहे. आईला दोष द्यायची ही रीत जुनी आहे. एकेकाळी परदेशात मोठमोठे मानसोपचारतज्ज्ञ म्हणायचे, की आई थंड असते, माया करत नाही, म्हणून मूल असं होतं. बर्नार्ड रिमलँड नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६४ साली ते खोडून काढलं. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता, आणि त्याच्या आईची माया ते रोज बघत होते. नंतर लशीवर आळ आला. ज्या लेखावरून तो आला, तो १९९८ सालचा लेख २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकानं मागे घेतला. तेव्हा धाकट्या मुलीची लस चुकवू नका. आता मोबाईलची पाळी आहे. सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांना रोज अर्धा तास नातवाबरोबर कापूस निवडायला, शेंगा सोलायला बसवा, तेलुगूत बोलत. त्यांची काळजी अशा कामाला लावा, ताई. त्या चिडतात ती काळजीच आहे.

'स्वमग्न' हा शब्द मला स्वतःला पुरेसा वाटत नाही. त्यातून असं वाटतं, की मूल आपल्या मर्जीनं स्वतःत बुडालंय. माझ्या पाहण्यातली बहुतेक मुलं बाहेर यायचा रस्ता शोधत असतात. पण निदानाच्या कागदावर तोच शब्द येतो, म्हणून मीही वापरते.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा येईल आणि घरात पुन्हा हाच प्रश्न उभा राहील, न्यायचं की नाही. न्या. दुपारी तीन-चारला, गर्दी व्हायच्या आत. आदल्या दिवशी होम मैदानावरच्या पाळण्यांचे फोटो दाखवा, 'आधी पाळणा, मग घरी' अशी दोन चित्रं हातात द्या, आणि पाळणा झाल्यावर खरंच परत या. शोभेच्या दारूकामाच्या रात्री मात्र कुणीतरी त्याच्याबरोबर घरी थांबा, खिडक्या लावून. जाड सोलापुरी चादरीत गुंडाळून घ्यायला त्याला आवडत असेल तर घेऊ द्या, तोंड उघडं ठेवून. अशा दाबानं काही मुलांना बरं वाटतं, सगळ्यांना नाही.

आता सोमवारचं काम. एका पानावर मुलाची ओळख लिहा आणि बाईंच्या हातात द्या. रोग, टक्के, काही लिहायचं नाही. मी मसुदा देते, तुम्हाला ठाऊक असलेलं भरा आणि चुकलेलं खोडा:

"माझ्या मुलाला तेलुगू आणि मराठी दोन्ही समजतात. 'वद्दु' म्हणजे नको, 'नीळ्ळु' म्हणजे पाणी. तो तुमच्याकडे न बघताही तुमचं ऐकत असतो. एक गोष्ट सांगा आणि थोडं थांबा. टोल पडायच्या आधी त्याला चित्र दाखवलंत तर तो कान झाकून जागेवर बसतो. मागून हात लावला तर घाबरतो, समोरून आलेलं चालतं. त्याला मोजायला आवडतं, खडू मोजायला दिलेत तर रमतो. तो हात चावायला लागला तर हात सोडा, दोन पावलं मागे व्हा, आणि मला फोन करा, मी दहा मिनिटांत येते. डब्यात रोज कडक भाकरीच असेल."